कपाटातली एकविसावी पत्री

आमच्या ग्रुपमध्ये चार जण जमले की भीतीच्या गोष्टी निघतात. भुताखेतांच्या नाहीत हो. एअरपोर्टच्या, सिव्हिल आयडीच्या, पोलिसांच्या. कुवेतमध्ये पंधरा वर्षं काढली की असा साठा होतोच. माझ्या साठ्यातल्या बऱ्याच गोष्टी कपाटातल्या आहेत. आमच्याकडे राहणारा केदार आता इथे नाही, म्हणून सांगायला हरकत नाही. तरी आवाज आपोआप खाली जातो बघा.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. कुणी नशा केली आहे का, ते तपासायचे लघवीचे नमुने माझ्याच टेबलावर येतात. पॉझिटिव्ह आलं की त्या माणसाचं पुढे काय होतं ते मला नीट माहीत आहे. त्यामुळे मी इतरांपेक्षा दुप्पट घाबरट.

*

एकदा सासूबाईंनी डिंकाचे लाडू बांधून दिले. विमान उडाल्यावर एक तोंडात टाकला आणि दाताखाली खसखस आली. आपल्याकडे वाण्याकडे मिळते ती. पण अफूच्या बोंडातली, म्हणून इथे सापडली तर सरळ तुरुंग! मग उठलो आणि माझ्या रांगेत, पुढच्या रांगेत, एअर होस्टेसला, दिसेल त्याला लाडू वाटत सुटलो.

"मुलगा झाला वाटतं?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"हो हो," म्हटलं. दुसरं काय सांगणार?

कुवेतला वैशाली, म्हणजे माझी बायको, मला घ्यायला आली होती. बाहेर येणाऱ्या निम्म्या विमानाने तिचंही अभिनंदन केलं. तिचं पोट सपाट, त्यामुळे लोक आणखीच कौतुकाने बघत होते.

*

इथल्या उन्हात बाल्कनीतला कढीपत्ता आठवड्यात वाळतो. राई नावाच्या इथल्या भागात, दिव्यांच्या शोरूममध्ये आमचे रत्नागिरीचे सलीमभाई आहेत. ते म्हणाले, "कपाटात लावा की. हा एलईडी वीज खात नाही, तापत नाही. झाड सूर्याला विसरेल." झालं! महिन्याभरात ग्रुपमधल्या प्रत्येक घरात कपाटाच्या फटीतून जांभळा उजेड. कुणाची मेथी, कुणाचं अळू, आमचा कढीपत्ता आणि तुळस.

एक दिवस आमचा हारिस, म्हणजे बिल्डिंगचा इजिप्शियन वॉचमन अबू करीम, दारात उभा. खालून खिडकीत त्याला तो उजेड दिसला होता. त्याला आत नेलं, कपाट उघडलं. त्याने एक पान तोडलं, चुरगाळलं, नाकाला लावलं, माझ्याकडे रोखून बघितलं. मी मनात रामरक्षा सुरू केली.

"सांबार?" तो म्हणाला.

तेव्हापासून दर शुक्रवारी त्याला एक काडी द्यावी लागते.

*

खैतानचा आमचा भाड्याचा फ्लॅट माझ्या नावावर. त्यातली एक खोली साताऱ्याच्या केदारला दिलेली. फहाहीलला नोकरी, वागायला गरीब, वैशालीला वहिनी वहिनी करायचा. त्यानेही कपाटात मिरच्या लावल्या म्हणे. खोलीत दिवसभर ऊद जाळायचा. वैशाली मला ऐकवायची, "बघा, किती नीटनेटका मुलगा. नाहीतर तुमचे मोजे."

सलीमभाई एकदा म्हणाले, "अहो, या पोराने चार दिवे नेले. एवढ्यात हापूस पिकतो. मिरच्या कसल्या लावतोय?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

*

आता गणपतीचं. आमच्याकडे दीड दिवसाचा. पूजेला एकवीस प्रकारची पत्री लागते आणि कुवेतमध्ये ती जमवणं म्हणजे दिव्य. त्यामुळे आमच्या ग्रुपचा रिवाज असा, की त्या दिवशी कुणीही कुणाच्याही कपाटातली पानं तोडावीत, विचारायचं नाही.

मी ड्यूटीवर होतो. दुपारी ग्रुपवर वैशालीचा मेसेज आला, "एकवीस पूर्ण! शेवटची केदार भावजींच्या कपाटातून." खाली फोटो. बाप्पापुढे दूर्वा, तुळस, आणि सगळ्यात वर एक मोठं, सात बोटांचं, कातरलेल्या कडांचं पान.

लॅबमध्ये माझ्या टेबलामागे नशाविरोधी पोस्टर आहे. त्यावर हेच पान.

फोटोला सव्वीस जणांनी हात जोडले होते. मी घरी कसा पोचलो ते आठवत नाही. एकच डोक्यात, करार माझ्या नावावर, म्हणजे आत जाणार मी. वैशालीची नोकरी जाणार, चौथीतली मुलगी शाळेतून उठणार. घरात आरती चालू. केदार ताम्हन धरून उभा, तोंड पांढरं पडलेलं. त्याने पान बघितलं, मग मला बघितलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात बेल. दारात अबू करीम आणि मागे घरमालक. केदारच्या खोलीतून खालच्या फ्लॅटमध्ये पाणी गळतंय, अशी तक्रार होती. घरमालक इथला, नोकरी पोलिसात. ड्यूटीवरून थेट आलेला, युनिफॉर्ममध्येच.

मी धावलो आणि बाप्पापुढची पत्री मुठीने उचलून शर्टाच्या खिशात कोंबली.

"अहो, मांडलेली पूजा अशी मोडतात का?" वैशाली ओरडलीच.

मालक सरळ केदारच्या खोलीत गेला. ऊद जळत होता. कपाट बंद होतं, फटीतून जांभळा उजेड येत होता. तो कपाटासमोर थांबला. फरशीवरचं पाणी बघितलं. हात मात्र लावला नाही. बाहेर येऊन त्याने मला इंग्रजीत विचारलं, "हा सण किती दिवस?"

"दीड," मी म्हणालो.

वैशालीने त्याच्या हातात मोदकांचा डबा दिला. तो दारापर्यंत गेला आणि मागे वळला. माझ्या खिशातून त्याच पानाचं टोक बाहेर आलं होतं. त्याने ते एका बोटाने हळूच आत ढकललं.

"परवा सकाळी प्लंबर येईल," तो म्हणाला. "कपाट रिकामं ठेव."