मत्स्य खात्यातले बाबा

दिग्रसच्या बसस्टँडवर मी बाबांपासून चार हात लांब उभी होते. नागपूरची गाडी लागायची होती. तिथून विमानानं मुंबई आणि मग सिंगापूर. बाबा पहाटेच धरणावर जाऊन जाळं काढून, अंघोळ करून आले होते. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "लिंबू चोळून आलो हाताले, माय." मी तरीही लांबच उभी राहिले, कारण पलीकडे माझ्या कॉलेजातल्या एक मॅडम गाडीची वाट पाहत होत्या. आईनं सुकवलेले झिंगे तीन पिशव्यांत, एकात एक घालून आणले होते. "विमानात चालत नाही," म्हणून मी ती पुडी परत केली. खरंच चालतं की नाही, हे मी कोणाला विचारलंही नव्हतं. "राहू दे मंग," आई म्हणाली. गाडी निघताना बाबा खिडकीपाशी आले, पण खिडकीच्या दांडीला त्यांनी हात लावला नाही.

त्याला आठ वर्षं झाली. हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, जे दिग्रसला, नेरला, बोरी अरबला राहिलात. आणि जे माझ्यासारखे निघून गेलात त्यांच्यासाठीही. निघून गेलेल्यांना माझं म्हणणं लवकर कळेल. राहिलेल्यांना माझा राग आला तर तो योग्यच आहे.

आम्ही भोई. आमचं गाव अरुणावतीच्या धरणाच्या काठावर. बाबा डोंग्यात बसून जाळी टाकायचे, आई टोपली घेऊन दिग्रसच्या बाजारात रोहू, कतला विकायला बसायची. मी त्याच माशांवर शिकले. माशांचा वास येतो म्हणून शाळेत बाकावर माझ्याशेजारी बसायला मुली का-कू करायच्या, तेव्हापासून मला एक सवय लागली होती. कोणी जवळ आलं की मी आधी हात मागे घ्यायची.

यवतमाळला बी.फार्म. झाल्यावर पुढं शिकायला पुण्याला गेले. होस्टेलच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढं मी 'मत्स्यव्यवसाय' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. माझी रूममेट केतकी मागून वाचत होती. ती म्हणाली, "अरे वा, बाबा मत्स्य खात्यात आहेत?" मी मान हलवली. बस, एवढंच. एकदा हलवलेली मान परत सरळ करायला मला बारा वर्षं लागली.

पुढं केतकी आणि मी दोघीही सिंगापूरला आलो, एकाच औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागलो. आमच्या वरिष्ठ मिसेस लिम. साठीच्या, बुटक्या, कामात करड्या आणि जेवताना एकदम मऊ. पहिल्या वर्षी मी आजारी पडले तेव्हा त्यांनी आठवडाभर घरून पेज करून आणली होती. केतकीनं त्यांनाही कधीतरी सांगून टाकलेलं होतं की हिचे वडील सरकारी अधिकारी आहेत.

मागच्या वर्षी बाबा पहिल्यांदा आले. आई आली नाही. "बाजार कोन करन?" एवढंच तिचं कारण. मिसेस लिम म्हणाल्या, तुझे वडील आले आहेत तर रविवारी सकाळी जेवण माझ्याकडून. आणि त्यांनी त्यांच्या आवडीच्या चिनी सीफूड रेस्टॉरंटमध्ये टेबल राखून ठेवलं. केतकीलाही बोलावलं.

माझ्याकडे चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी बाबांना नवा शर्ट घेतला, नवे बूट घेतले, एमआरटीचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं कार्ड कसं लावायचं ते शिकवलं. ती एक गोष्ट मात्र सांगितली नाही. रोज वाटायचं, उद्या सांगू. मग वाटायचं, जेवताना मीच मध्ये बसेन, बोलणं माझ्यातूनच जाईल, सांभाळून घेऊ.

आम्ही थोडे लवकर पोचलो. दारातच काचेच्या मोठाल्या टाक्या होत्या, त्यांत जिवंत मासे, खेकडे, झिंगे. बाबा तिथंच थबकले. खाली वाकून एकेक टाकी पाहू लागले. इतक्या दिवसांत मॉल पाहिले, उंच इमारती पाहिल्या, त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं. इथं हललं.

"हा पाय, हा कोपऱ्यातला," ते म्हणाले, "थकला हाये. तोंड वरतं करून राह्यला. पान्यात हवा कमी पडते." मग टाकीतल्या नळीकडे बोट करून मला समजावू लागले. मी आजूबाजूला पाहत होते, केतकी आली की काय म्हणून. "चला बाबा, आत चला," मी म्हटलं.

गोल टेबल, मध्ये फिरणारी काच. बायका ट्रॉल्या ढकलत यायच्या, त्यांवर बांबूच्या गोल टोपल्या एकावर एक रचलेल्या. झाकण उघडलं की वाफ आणि आत पांढऱ्या, पातळ पापुद्र्यातले झिंगे. आपल्या मोदकांसारख्याच कळ्या पाडलेले, पण इतके पातळ की आतला गुलाबी रंग दिसतो. बाबांनी पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले. "झिंगा ताजा हाये," ते म्हणाले. मिसेस लिमना ते मी भाषांतर करून सांगितलं, त्या खूष झाल्या. त्या बाबांच्या पेल्यात चहा ओतत होत्या, बाबा दर वेळी अर्धे उठून हात जोडत होते. मला वाटू लागलं होतं, निभलं.

तेवढ्यात केतकी मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही मत्स्य खात्यात ना? अजून आहात की रिटायर झालात?"

मराठीत. मध्ये मला जागाच नव्हती.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, घास गिळायला लागतो तेवढाच. त्या नजरेत राग नव्हता. जाळ्यात काय अडकलंय हे पाण्यावरून ओळखतात, तसं त्यांनी ओळखलं. मग ते खुर्चीत सरळ झाले.

"झालो रिटायर," ते म्हणाले. "मांगच्या साली."

"काय काम असायचं?"

"पाहनी. तलावात मत्स्यबीज किती सोडलं, मासा किती निघाला, याची पाहनी." त्यांनी एक हात टेबलावर सपाट ठेवला, आवाज खाली आणला. हे मी ओळखलं. धरणावर साहेब यायचे तेव्हा ते जीपच्या बॉनेटवर असाच हात ठेवून बोलायचे, आणि बाबा त्यांच्यासमोर उघड्या पायांनी उभे असायचे. माझे बाबा माझ्यासाठी त्या साहेबांची नक्कल करत होते. मी मिसेस लिमना तेही भाषांतर करून सांगितलं, शब्दन् शब्द.

मग मोठा मासा आला. अख्खा, वाफवलेला, वर आलं आणि कांद्याची पात. मिसेस लिमनी काच फिरवली आणि माशाचं डोकं बाबांच्या समोर आणून थांबवलं. त्यांच्यात मानाच्या पाहुण्याकडे डोकं करतात. वरची बाजू संपल्यावर त्यांनी मासा उलटला नाही, मधला काटा उचलून खालचं मांस काढलं. "मासा उलटवायचा नाही," त्या म्हणाल्या, "नाहीतर समुद्रात कोणाची तरी नाव उलटते."

मी सांगितलं तसे बाबा एकदम पुढं झुकले. "बराबर हाये! मीबी डोंग्यात..." आणि तिथंच थांबले. टेबलावरचा हात पुन्हा सपाट झाला. "आमच्या तिकडचे लोकबी असंच मानतात," ते म्हणाले.

माशाचं डोकं म्हणजे बाबांचा जीव. घरी ते दुसऱ्या कोणाला मिळत नसे. हातानं सोडवून, एकेक हाड चोखून, ते अर्धा तास त्यावर घालवायचे. त्या दिवशी त्यांनी चमच्यानं बाजूचे दोन तुकडे घेतले. डोकं तसंच राहिलं. साहेब लोक बोटं चोखत नाहीत, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. मिसेस लिमनी दोनदा आग्रह केला. ते हसून नको म्हणाले. शेवटी वाढणाऱ्या पोरीनं ताट उचलून नेलं, तेव्हा बाबा त्याच्याकडे बघत नव्हते.

परतीच्या एमआरटीत आम्ही शेजारी बसलो होतो. मला वाटलं, आता विचारतील. काहून खोटं सांगतलं, माय? मी उत्तर जुळवत होते. दोन स्टेशनं गेली. मग त्यांनी विचारलं, "ते साहेब लोक बोलतात, तसंच बोललो ना म्या? चुकलो त नाही ना कुठी?"

मी म्हटलं, "नाही बाबा. मस्त बोललात."

याहून वाईट वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही.

बाबा ठरल्याप्रमाणे परत गेले. मला अन्न गोड लागेना. महिन्याभरानं मी केतकीला आणि मिसेस लिमना कॅन्टीनमध्ये बसवून सगळं सांगितलं. आम्ही कोण, बाबा काय करतात, त्यांना काहीच माहीत नसताना त्यांनी ते कसं उचलून धरलं. "बारा वर्षं?" केतकी एवढंच म्हणाली, आणि पुढचे काही आठवडे आमच्यात कामापुरतंच बोलणं राहिलं. मिसेस लिम म्हणाल्या, "मला वाटलं त्यांना मान नको आहे. त्यांना तर हवा होता. तू त्यांना माझ्या टेबलावरून उपाशी उठवलंस."

तरीही मला हलकं वाटलं. खरं सांगून टाकलं, झालं. त्याच हलकेपणात मी बाबांना फोन केला. "बाबा, मी त्यांना सगळं सांगितलं. आता काही लपवायचं नाही."



"कायले सांगतलं?" बाबांनी विचारलं.

"खोटं होतं ना ते."

"तुह्यं होतं," बाबा म्हणाले. "आता माह्यं झालं. त्या बाईनं एवढ्या मायेनं जेवू घातलं, अन् म्हातारा तिच्याच ताटावर बसून खोटा बोलला. हेच मनत असन ना ते? तू मोकळी झाली, माय. मी अडकलो."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आधी मी त्यांच्याकडून खोटं बोलवून घेतलं, मग त्यांना न विचारता ते उघडं केलं. दोन्ही वेळा माझ्याच सोयीनं.

त्यानंतर बाबा फोनवर यायचे बंद झाले. दर वेळी आईच. "जाळं शिवून रायले," ती म्हणायची. किंवा "आंग धुवून रायले." तीन महिने बाबा जाळं शिवत होते आणि आंग धूत होते.

हिवाळ्यात सुट्टी टाकून मी गावी गेले. बाबा बोलले, म्हणजे जेवली का, झोपली का, एवढं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या मागोमाग धरणावर गेले. डोंगे काठाला लागले होते, मच्छीमार सोसायटीच्या काट्यावर माल मोजणं चाललं होतं. बाबांच्या बरोबरीचे दौलतकाका विडी ओढत बसले होते. मला पाहून हसले.

"कावं पोरी, तिकडे सांगतं का आमी मासे मारतो मनून? का लाज वाटते?"

थट्टाच होती. बाबा पाटीतला मासा काट्यावर टाकत होते. मान वर न करता म्हणाले, "सांगते ना. तिले कायची लाज?"

पुन्हा. तीन महिने माझ्याशी न बोललेला माणूस, आपल्याच लोकांत, पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलला.

"नाही काका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "बारा वर्षं लपवलं. बाबा तिकडे आले तर त्यायलेही खोटं बोलाले लावलं."

दौलतकाकांनी विडी विझवली. काट्याजवळचे दोघे-तिघे थांबले. बाबांनी उरलेला माल काट्यावर टाकला, वजन ऐकलं, हात पाण्यात खंगाळले आणि धोतराला पुसले. मग माझ्याजवळ आले.

"त्या बाईले लाव फोन," ते म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता. माह्या तोंडानं सांगतो."

तिकडे सकाळचे साडेदहा झाले असतील. मिसेस लिमनी लगेच उचलला. मी व्हिडिओ चालू करून फोन समोर धरला. बाबांनी हात जोडले, मागं डोंगे, काटा, मासे, सगळं दिसत होतं.

"नमस्कार, बाई. मी देवराव. मी मासे मारतो. साहेब नाही. तुमच्या इथं जेवलो अन् तुमच्याशीच खोटं बोललो. माफी असावी." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग."

मला ते इंग्रजीत सांगायचं होतं. मी सुरुवात केली, आणि 'मी खोटं बोललो' या वाक्याला आले. इंग्रजीत त्या वाक्यात बाई-पुरुष काही कळत नाही. ते वाक्य माझ्या तोंडून, माझ्या आवाजात, पहिल्यांदा पूर्ण बाहेर पडलं. मी रडत होते म्हणून ते मला दोनदा सांगावं लागलं.

मग मिसेस लिमनीही हात जोडले, जरा वाकडेच, आणि हळू काहीतरी म्हणाल्या.

"काय मनते?" बाबांनी विचारलं.

"म्हणतात, आज तुमची भेट झाली."

"मंग बरं झालं," बाबा म्हणाले, आणि पाटी उचलून चालू लागले.

आता ते फोन घेतात. धरणात पाणी किती, भाव काय, सांगतात. पुन्हा सिंगापूरला या म्हटलं की "पाहू" म्हणतात, आणि ते येणार नाहीत हे दोघांनाही कळतं. केतकीशीही बोलणं पुन्हा सुरू झालं आहे, पण पूर्वीसारखं नाही. मी काही हे सगळं मिटलं म्हणून लिहीत नाही.

पूर्वी मला घर म्हणजे सुटून आले ती जागा वाटायची. आता वाटतं, माझ्यासाठी कोणाला खोटं बोलावं लागत नाही, ती जागा घर. ती मीच मोडली होती, आणि ती फोनवरून बांधता येत नाही. म्हणून हल्ली बाबा "पाहू" म्हणाले की मी वाद घालत नाही. मीच जाते.