चालू इंजिनावरची केबल

गॅरेजात त्याला सगळे जाळ्या म्हणतात. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या माणसाला याहून वाईट नाव शोधून सापडायचं नाही, पण लोक नावं ठेवायला बसले की कुणाची भीड बाळगतात? एका गिऱ्हाइकाची नवीकोरी गाडी त्याच्या हातून जळाली, तिच्या कॉम्प्युटरचा कोळसा झाला, म्हणून जाळ्या. खरी गोष्ट अशी की ती गाडी त्याने जाळलीच नव्हती.

जाळली होती दादाने. दादा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ, गॅरेजचा मालक. वडील गेले तेव्हा दादाने शाळा सोडली, लोकांच्या गाड्यांखाली लोळून याला वाढवलं, हातात पक्कड देऊन धंदा शिकवला. हे उपकार खरेच, आणि धाकट्याने ते कधी नाकारले नाहीत. पण दादाला एक खोड होती. बॅटरी चार्ज होत नाही अशी गाडी आली की दादा इंजिन चालू ठेवायचा, नट सैल करायचा आणि बॅटरीची केबल सरळ उपटायचा. इंजिन चालू राहिलं तर बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठीक, बंद पडलं तर गेला. गिऱ्हाईक आ वासून बघत राहायचं, आणि दादाला तेच हवं असायचं.

जुन्या गाड्यांनी हे लाड चालवून घेतले. नव्या गाड्यांत मात्र जागोजागी कॉम्प्युटर. मधली बॅटरी काढली की अल्टरनेटरच्या विजेचा दाब एकदम उसळतो आणि वाटेत येईल ते जाळतो. धाकटा हे सांगून सांगून थकला. तो स्वतः निमूटपणे मीटर लावायचा. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्ट, चालू झाल्यावर चौदाच्या आसपास, मग दिवे आणि पंखा लावून पुन्हा एकदा. दादा चारचौघांत म्हणायचा, "डॉक्टरसाहेब नाडी बघतायत. आपण बसू या तोवर."

मग एक दिवस व्हायचं तेच झालं. गाडीचा मालक बाहेर फोनवर बोलत होता. दादाने केबल उपटली, करपल्याचा वास आला आणि समोरचे सगळे दिवे गेले. दादाचं तोंड पांढरं पडलं. धाकट्याला त्याने टायरांच्या ढिगामागे ओढलं.

"तू केलंस म्हण. तू लहान आहेस, तुला लोक माफ करतील. माझं नाव गेलं तर शटर खाली येईल. दोन घरं आहेत रे यावर."

धाकटा हो म्हणाला. ज्याने वाढवलं त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? बाहेर येऊन त्याने मान खाली घातली आणि मालकाच्या शिव्या ऐकून घेतल्या. बायकोलाही खरं सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते वहिनीच्या कानावर गेलं असतं.

सुरुवातीला दादा त्याच्याशी नजर मिळवत नसे. पुढे तो मिळवू लागला. मग गिऱ्हाइकांना तो किस्सा सांगू लागला, आणि सांगता सांगता त्यात मीठमसालाही घालू लागला. "ह्याला किती वेळा बजावलं होतं, चालू गाडीची केबल काढू नकोस म्हणून." धाकट्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण तो स्वतःची समजूत घालायचा, की जग काही का म्हणेना, दादाला तर माहीत आहे. एवढ्या एका आधारावर तो माणूस इतकी वर्षं गप्प राहिला. मला विचाराल तर तो आधार नव्हता, मूर्खपणा होता.

त्याची मुलगी शाळेत 'जाळ्याची' म्हणून चिडवून घेत मोठी झाली, नोकरीला लागली, तिने स्वतःसाठी एक वापरलेली गाडी घेतली. परवा ती गाडी घेऊन गॅरेजात आली आणि थेट काकाकडे गेली.

"काका, नवी बॅटरी टाकली तरी सकाळी सेल्फ नुसता कुरकुरतो. तुम्हीच बघा हं." मग बापाकडे वळून हसत म्हणाली, "बाबा, तुम्ही लांब थांबा. माझी पहिलीच गाडी आहे."

तो लांब थांबला.

दादाने तिला इंजिन चालू करायला सांगितलं. बॉनेट उघडलं, कुणाशी तरी बोलता बोलता पाना घेतला आणि केबलचा नट सैल करायला लागला. जुना हात जुन्या वाटेने निघाला होता. धाकट्याने ते पाहिलं आणि तो क्षणभर जागचा हलला नाही. जळू दे, त्याच्या मनात आलं. तिच्या डोळ्यांदेखत जळू दे, म्हणजे कळेल तरी. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

दादाने हातातल्या पान्याकडे पाहिलं आणि तो ओशाळला.

"बघ, माझ्याही हातून झालं असतं," तो पुतणीला म्हणाला. "ह्याचंही तेव्हा असंच झालं असणार. म्हणून तर मी ह्याला कधी घरी घालूनपाडून बोललो नाही."

"दादा," धाकटा म्हणाला, "त्या दिवशी केबल तू काढली होतीस."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. भावाचा खोटं बोलतानाचा चेहरा धाकट्याला लहानपणापासून पाठ होता. हा तो चेहरा नव्हता. दादाला खरोखरच काही आठवत नव्हतं.

"अरे, किती वर्षं मनाला लावून घेशील?" दादा मायेने म्हणाला. "मी केव्हाच माफ केलंय तुला."

"बाबा, जाऊ द्या ना," मुलगी हळूच म्हणाली. तिला बापाची लाज वाटत होती, हे त्याला स्पष्ट दिसलं.

त्याने तिला इंजिन पुन्हा चालू करायला सांगितलं. त्याने मीटर घेतला. अल्टरनेटरवर चौदाच्या वर व्होल्ट भरत होते, बॅटरीपाशी जेमतेम तेरा, आणि दिवे लावले की त्याहून कमी. म्हणजे करंट वाटेतच अडत होता. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजून तिचे दोनचार धागेच उरले होते. त्याने पट्टी बदलली, नट घासून आवळले, आणि बॅटरीपाशीही चौदाच्या वर भरू लागले.

"झालं," तो म्हणाला.

मुलगी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होती. "काका, एकदा तुम्ही नजर टाका ना."

दादाने वाकून मीटर पाहिला आणि मान डोलावली. मगच तिने गाडी बाहेर काढली.