दारात उभी राहून जाम झालेली ह्यांची पिकअप

नाय गं बायांनो, गाडी चोरीला नाय गेली! टोचन करून गॅरेजला नेली, म्हणून आमचं दार मोकळं दिसतंय.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तवापासून पिकअप दारातच उभी. मी रोज पुसायचे, दसऱ्याला हार घालायचे. नव्या नवरीवाणी चमकायची. सूनबाईनं आता लायसन काढलंय. आज पहिल्यांदा झेंडू भरून नाशिकच्या मार्केटला निघाली होती. लय हौस! बॅटरी नवी बसवली, तरी इंजिन हालंना.

मेकॅनिकला घरी बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं तर आत उंदरांचा संसार, वायरी कुरतडलेल्या.

"मावशी, पिस्टन गंजून चिकटलेत. इंजिन जाम झालंय, सगळं खोलावं लागंल."

वरून एवढी चकाचक गाडी, आन् आत हे?

तरी म्हणलं, "बाबा, मी पण तीन वर्षं एकटीच उभी हाय, माझं इंजिन तर चालतंय!"

तो हसला. सून नाय हसली. "आई, तुम्ही दर आठवड्याला चालू करायच्या ना?"

"करत होते की!"

शेवटी सून शेजारच्यांच्या टेम्पोत, मागं झेंडूच्या क्रेटवर बसून गेली बिचारी.

तुमच्या दारात आशी कुणाची गाडी आसंल तर नुसती पुसू नका, चालवा.

आन् सूनबाई, तू पण ह्या ग्रुपवर हायस, म्हणून इथंच सांगते. मी खोटं बोलले. एकदाही चालू केली नाय. हे होते तवा त्या गाडीचा आवाज आला की मी चहा ठेवायचे. आवाज आला आसता आन् हे उतरले नसते, ते मला बघायचं नव्हतं.