पुढच्या उमेदवाराला पाठवा

लिहिणाऱ्यांच्या घरातली मी नाही. आमच्याकडे कॉलेजात गेलेली मीच पहिली, आणि एखाद्या माणसावर लिहायला बसणं मला अजून आगाऊपणाचं वाटतं. शिवाय या माणसाबद्दल लिहायचा हक्क सगळ्यांत कमी मलाच. म्हणून आधीच माफी मागते. पण नोकरीच्या मुलाखतीतलं आमच्या शेजारच्या दादाइतकं कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत कोणालाच कळत नाही, हे कोणीतरी लिहून ठेवायला हवं.

रसायनीपासून भिवपुरीपर्यंत त्याने जिथे मुलाखत दिली नाही असं ऑफिस नसेल, आणि त्यातल्या एकानेही त्याला ठेवून घेतलेलं नाही. सुट्ट्यांच्या दिवसांत तो माथेरानला एका हॉटेलच्या काउंटरवर असतो, एरवी बापाबरोबर भाताच्या शेतात. ज्ञान मात्र सगळ्या गावाला फुकट. "पाणी दिलं तर अर्धंच प्यायचं गं. रिकामा ग्लास दिसला की माणूस गरजू वाटतो." म्हैस तपासायला आलेल्या डॉक्टरांना त्याने गोठ्याच्या दारात अडवून "आधीची जागा का सोडलीत?" असं विचारलं, आणि डॉक्टरांनी घाबरून खरं कारण सांगून टाकलं. मुलगी बघायला गेला तेव्हा तिच्या वडिलांनी शेती किती म्हणून विचारलं, तर हा म्हणाला, "आधी या पदाचं स्वरूप समजावून सांगाल का?" पोहेही नियमाप्रमाणे अर्धेच खाल्ले. लग्न जमलं नाही.

अशात खालापूरजवळच्या एका कारखान्यात रिक्रूटिंग कोऑर्डिनेटरची जागा निघाली. उमेदवारांना बोलवायचं, बसवायचं, क्रमाने आत सोडायचं, शेवटी निकाल कळवायचा, असं ते काम. जाहिरात वाचून दादाने ती घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "ही जागा माझीच हाय. ही गेली तर मी परत टाय बांधणार नाय." तरीही त्याने आपल्याबरोबर मलाही अर्ज भरायला लावला, रोज ओटीवर खुर्ची टाकून माझी तयारी करून घेतली, आणि त्या दिवशी आपल्याच मोटरसायकलवरून घेऊनही गेला.

तिथे नुसता गोंधळ होता. मुलाखतींची व्यवस्था बघणारा माणूसच नव्हता, कारण मुलाखती त्याच्याच जागेसाठी होत्या! वॉचमनने आम्हा सात जणांना कॅन्टीनमध्ये बसवलं, आणि कॅन्टीनवाल्याने आम्ही जेवायला आलोय असं समजून ताटं वाढली. "असं नाय चालत," म्हणत दादा उठला. त्याने खुर्च्या ओळीत लावल्या, नावांची यादी केली, रडवेल्या एका मुलीला अर्धा ग्लास पाणी दिलं. मला पहिली सोडली. "साहेब अजून ताजे हायत, जा." आतून "पुढचा पाठवा" आलं की हा पुढचा पाठवायचा. सगळे संपल्यावर तो स्वतः आत गेला, तेव्हा साहेब म्हणाले, "झाले ना सगळे? आता चहा सांगा."

त्याने चहा सांगितला. चहा आल्यावर हळूच म्हणाला, "सर, मी पण उमेदवार हाय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "असल्या कामाचा काही अनुभव?"

दार उघडंच होतं, मला बाहेर सगळं ऐकू येत होतं. दादा मुलाखतीत कधी खोटं बोलत नाही. "नाय सर," तो म्हणाला.

आठवड्याने माझ्या निवडीचं पत्र आलं. गावभर पेढे त्यानेच वाटले. "दोघांना घेणार असतील गं. माझं मागून येईल."

पहिल्याच दिवशी साहेबांनी माझ्या हातात सहा नावं दिली. निवड न झालेल्यांना कळवायचं होतं. पाच फोन झाले.

"दादा, अरे, मी बोलतेय. तुझं..." आणि मला रडूच आलं.

पलीकडून तो म्हणाला, "असं कळवतात का गं? तूच रडलीस तर उमेदवाराने काय करायचं? आणि उमेदवाराला अरे-तुरे करायचं नाय. ठेव. परत लाव."

मी परत लावला.

"हॅलो, कोण बोलतंय?" त्याने अगदी अनोळखी आवाजात विचारलं. मी कारखान्याचं नाव सांगितलं, माझा हुद्दा सांगितला, आणि म्हणाले, "या पदासाठी आपली निवड होऊ शकली नाही."

मग तो म्हणाला, "कळवल्याबद्दल आभारी आहे, मॅडम."