अक्कांची टकटक

अक्का कधी नावाने हाक मारायच्या नाहीत. आमच्या दोघींच्या खुर्च्यांमधल्या उंच फळीवर बोटाने दोनदा टकटक करायच्या, बस. आपण उठून कोपऱ्यातल्या टेबलावर बघायचं. तिथे कधी तपासलेल्या प्रोग्रॅमचा कागद असायचा, कधी भरताचा डबा. "मी फक्त टकटक करणार, सामान टेबलावर," म्हणायच्या. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेलच.

गंमत म्हणजे जळगावात, मेहरूणमधल्या आमच्या छोट्या ऑफिसचं कामही हेच होतं. एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक आभासी कॉम्प्युटर नांदतात आणि प्रत्येकाला वाटतं, घर माझ्या एकट्याचं. एकाला दुसऱ्याला काही कळवायचं असलं, की तो निरोप सामाईक जागेत ठेवतो आणि मधल्या आभासी उपकरणाची बेल वाजवतो. हातातलं काम थांबवून बघ, एवढंच ती बेल सांगते. तिला इंटरप्ट म्हणतात.

एकदा पलीकडचा कॉम्प्युटर बेल वाजवूनही ढिम्म हलेना. निरोप तसाच पडलेला. आम्ही वैतागून बेल पुन्हा पुन्हा वाजवायची सोय केली. अक्का हसायला लागल्या.

"अगं, टेबल रिकामं बघून तो झोपायला वळला आणि नेमकी तेवढ्यात बेल वाजली. त्याला ऐकू कशी जाणार? डोळे मिटायच्या आधी टेबल परत एकदा बघायला सांग त्याला."

तसं केलं आणि दुखणं गेलं. त्या खुशीत अक्कांनी फैजपूरचे केळ्याचे वेफर्स मागवले आणि गप्पांच्या नादात अर्धे स्वतःच संपवले.

धुळ्याला, देवपुरात त्यांची आई एकटी राहायची. लकव्याने तिची वाचा गेली. काही हवं असलं की ती वाटी वाजवायची. तिच्या शेजारणीशी फोनवर अहिराणीत बोलताना अक्का रडवेल्या झाल्या होत्या. "माय वाटी वाजाडस, पन घरमा ऐकाले कोनी नही शे ना!"

साहेब म्हणाले, तिकडून घरी बसून काम करा. अक्का हो म्हणतील असं मला किती वाटलं होतं!

"नको साहेब. एक कान इकडे ठेवला तर तिची वाटी चुकायची एखादे वेळी."

नोकरी सोडून त्या निघाल्या, त्या शेवटच्या दिवशी मी टकटकीची वाट बघत होते. आली की उठून त्यांना कडकडून मिठी मारायची, असं ठरवलं होतं. ती आलीच नाही. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करताना सवयीने टेबलाकडे बघितलं. भरताचा डबा होता. फळीपलीकडची खुर्ची रिकामी होती, धुळ्याची बस कधीच सुटलेली. टकटक केली असती तर मी समोर जाऊन उभी राहिले असते आणि त्यांचा पाय निघाला नसता. हे मला कळतं. तरी राग येतो, आणि फार आठवण येते.

अधूनमधून ऑफिसातून फोन लावते. चार वाक्यं होतात न होतात, मागे वाटी वाजते. "थांब हं," म्हणून अक्का फोन तसाच ठेवून जातात. आईशी बोलल्याचा आवाज येत राहतो. माझा फोन त्या विसरून गेलेल्या असतात. मी काही तो ठेवत नाही. कानाला धरून बसते आणि फळीवर बोटाने दोनदा टकटक करते. तिकडे ऐकू जात नसणार.