लंगडी बाजू

शिरूरच्या कोर्टात वकिलांच्या खोलीत चहा पीत बसलो होतो. दौंडहून आलेल्या एका पक्षकाराने सहज सांगितलं, "मुकुंद वकील गेले की हो परवा. छातीत कळ आली आन् बसल्या जागी संपलं." खोलीत हळहळ झाली. दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण आम्ही लॉ कॉलेजातले जोडीदार होतो हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि गेली काही वर्षं आमचं बोलणं बंद होतं हेही. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, आलं नाही. मनात एवढंच आलं, की आता विचारायचं कुणाला... एका प्रश्नाचं उत्तर या माणसाकडून मला घ्यायचं होतं, आणि ते न देताच तो निघून गेला.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असा रिवाज आहे. चांगलंही पुष्कळ आहे, तेच आधी लिहितो.

मुकुंद दौंडच्या रेल्वे गार्डाचा मुलगा, मी शिरूरच्या मिशन शाळेतल्या मास्तरांचा. पदवीनंतर दोघांनीही पुण्याच्या लॉ कॉलेजात नाव घातलं. नोकरदारांनाही शिकता यावं म्हणून तिथले वर्ग सकाळी भरत. बाकावर कारकून, शाळामास्तर, पोस्टातली माणसं, सगळी शिकवणीला आल्यासारखी खाली मान घालून लिहीत. मुकुंद पहाटेच्या पॅसेंजरने यायचा. सदऱ्याला कोळशाचा वास, आणि डब्यात आईने दिलेली भाकरी न् शेंगदाण्याची चटणी. मी वसतिगृहात जेवायचो. "शांत्या, हे वरण हाय का घोडनदीचं पाणी?" असं विचारून तो अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकायचा. त्या भाकरीची चव मी नाकारत नाही, आजही नाही.

दुसऱ्या वर्षाला अभिरूप न्यायालय असायचं. खटला खोटा, भांडण मात्र खरं. आमच्या दोघांत काळा कोट एकच होता, त्याच्या मामाचा. वादीतर्फे बोलून झालं की तो कोट काढून माझ्या हातात द्यायचा, आणि त्याच कोटात उभा राहून मी त्याचं म्हणणं खोडून काढायचो. वर्ग हसायचा. पुरावा कायदा शिकवणाऱ्या सरांनी आमच्या जोड्या लावून दिल्या होत्या आणि एक नेम घालून दिला होता. उभं राहण्याआधी जोडीदाराला समोर बसवायचं आणि आपली लंगडी बाजू आधी सांगायची. "लंगडी बाजू मित्राच्या तोंडून ऐकलेली बरी," सर म्हणायचे, "न्यायाधीशाच्या तोंडून ऐकाल तेव्हा वेळ गेलेली असेल." हा नेम आमच्या अंगात इतका मुरला, की सनद मिळाल्यावर मी शिरूरला आणि तो दौंडला बसला तरी सुटला नाही. अवघड दावा असला की एकमेकांकडे जायचं, समोरासमोर खुर्च्या टाकायच्या, आणि जे अशिलालाही सांगत नाही ते बोलून टाकायचं. अशा किती दुपारी घालवल्या असतील...

मग वाटेचा दावा आला.

आमच्या ख्रिस्ती मंडळीची दफनभूमी नदीच्या अंगाला आहे. तिथे जायची वाट आबांच्या मळ्यातून जायची. आबा मोठे शेतकरी, मनानेही मोठे. मंडळीत कुणी गेलं की माझे वडील आधी मळ्यावर जाऊन हात जोडायचे, "आबा, आज माणूस न्यायचाय, वाटेनं जातो." आबा म्हणायचे, "जावा की मास्तर, इचारता काय!" आणि स्वतः उठून बांधावरची काटेरी झापं बाजूला करायचे. आबा वारले आणि त्यांच्या मुलाने वर्षाच्या आत तिथे कुंपण घातलं. मंडळीतर्फे मी दावा लावला. माझा तो पहिला मोठा दावा, आणि तोही आपल्या माणसांच्या कबरींसाठी.

त्यात लंगडी बाजू एकच होती, पण मोडकी म्हणावी इतकी लंगडी. दुसऱ्याच्या रानातून वीस वर्षं हक्काने गेलात तर वाट तुमची. परवानगी मागून शंभर वर्षं गेलात तरी वाट त्याची. आणि आमचे मास्तर तर प्रत्येक वेळी हात जोडून विचारत आलेले! बिचाऱ्यांनी रीत पाळली आणि हक्क घालवला. सवयीप्रमाणे मी मुकुंदाला बोलावलं. रविवार होता, उपासना आटोपून आम्ही जेवायला बसलो होतो. मी सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. मग वडिलांकडे वळून म्हणाला, "मास्तर, विचारायचात म्हणजे नेमकं काय म्हणायचात?" वडिलांना कोण आनंद! भातावरचा हात तसाच जोडून त्यांनी आबांचं आणि स्वतःचं, दोघांचंही बोलणं करून दाखवलं. मुकुंद हसला. "बघतो काहीतरी," म्हणाला, आणि माझ्या आईने बांधून दिलेला डबा घेऊन एसटीने गेला.

सुनावणीच्या दिवशी तो कोर्टात आला तो आबांच्या मुलाच्या बाजूने. नवा कोट होता, स्वतःचा.

वडील साक्षीला उभे राहिले. मुकुंदाने त्यांच्यावर आवाजही चढवला नाही. "मास्तर, मळ्यातून जायच्या आधी तुम्ही आबांना काय म्हणायचात, तेवढं न्यायाधीशसाहेबांना सांगा." वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. त्या घटकेला त्यांना सगळं कळलं असावं. पण बायबलवर हात ठेवून खोटं बोलणारे ते नव्हते. "म्हणायचो, आबा, माणूस न्यायचाय, वाटेनं जातो."

"म्हणजे विचारत होतात?"

"व्हय. इचारल्याबिगर कुणाच्या रानातनं कसं जायाचं?"

दावा तिथेच संपला. मी मुकुंदाला कोर्टाच्या पायऱ्यांवर गाठलं. आमच्या घरी जेवायला बसलास तेव्हा त्यांचं वकीलपत्र घेतलेलं होतं का, एवढंच विचारलं. तो कोटाची बटणं लावत राहिला. मग म्हणाला, "शांत्या, तू काही माझा अशील नव्हतास. मैत्रीला पुरावा कायद्यात कलम नाही." उत्तर कायद्याला धरून होतं. एकाच बाकावर बसून दोघं तेच शिकलो होतो, त्यामुळे मला ते खोडताही आलं नाही. वरची कोर्टं झाली, निकाल बदलला नाही. दोन पावसाळ्यांनी वडील गेले तेव्हा आम्ही त्यांना ओढ्याच्या लांबच्या वाटेने नेलं. खांदेकऱ्यांचे पाय चिखलात रुतत होते, शवपेटी दोनदा खाली टेकवावी लागली. मुकुंद आला नाही. त्याला मी माफ केलेलं नाही, आणि तो मेला म्हणून माफ करावं असं मला वाटत नाही.

तरीही पंधरवड्यानंतर दौंडला गेलो. आपल्यामागे त्या प्रश्नाचं काही उत्तर ठेवून गेला असेल, असं वाटत होतं. वहिनींनी त्याच्या बैठकीच्या खोलीत नेलं. टेबलाच्या अलीकडे एक खुर्ची होती, वेताची, बसून न झिजलेली.

"ही तुमची खुर्ची," वहिनी म्हणाल्या. "कुणाला बसू द्यायचे न्हाईत. कोर्टात जायच्या आधी हितं समोर बसून बोलायचे. 'शांत्या, ऐक, माझी लंगडी बाजू अशी हाय.' पयल्यांदा मला भ्याच वाटायचं, मग सवय झाली."

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस माझ्याशी बोलतच होता! मला न विचारता, माझ्या तोंडाकडे बघायची पाळी न येऊ देता, मला वापरत होता. मी म्हटलं, "वहिनी, वाटेबद्दल कधी बोलला का? आमच्या दफनभूमीच्या?"

"वाट?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "कसली वाट, भाऊजी?"

जगाच्या लंगड्या बाजू त्याने त्या वेताला सांगितल्या होत्या. स्वतःची तेवढी सांगितली नव्हती. वहिनी आत जाऊन पाणी घेऊन आल्या, आणि पदराने खुर्ची पुसत म्हणाल्या, "बसा ना. तुमचीच हाय."

मी उभ्यानेच पाणी प्यालो.