रोलरवरचं कुंकू

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की दार ओढून घेऊन भांडी घासत बसणारी बाई मी. इथले अनुभव वाचते, जरा हसते आणि पुढं जाते. तरी आज लिहितेय... पोटात ठेवून ठेवून जड झालंय. सातवीपर्यंतच शिकलेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कोल्हापुरात कसबा बावड्याला राहतो. कारखान्याच्या रस्त्याला घर आहे आणि पुढच्या खोलीत झेरॉक्स-प्रिंटचं दुकान. दुकान मी आणि माझी नणंद सुमन मिळून चालवायचो. वन्सं म्हणायची मी त्यांना — वयानं माझ्यापेक्षा लहान, पण रीत ती रीत. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्यांचा नवरा गेला आणि त्या माहेरी आल्या त्या कायमच्याच. माझी पल्लवी त्यांच्या मांडीवर वाढली. कुठं पडली-झडली तर "आई गं" न म्हणता "आत्ती गं" म्हणायची पोरगी.

वन्संच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लहानपणी चारा कापायच्या कडबाकुट्टीत सापडलं होतं. वरचं पेर तिरकं कापलेलं, अर्धंच राहिलेलं. आपण कुंकू लावतो ते नेमकं हेच बोट. पण त्यांच्यावर कुणाला कुंकू लावायची वेळ कुठनं येणार... हळदीकुंकवाला बाहेर बायका जमल्या की ह्या आत ताटल्या भरत बसायच्या. कितीदा म्हटलं, "वन्सं, या की बाहेर." तर म्हणायच्या, "असू द्या वैनी, कुणाच्या तोंडाला कशाला लागायचं?"

वर्षातनं एकदा मात्र त्यांच्या बोटाला कुंकू लागायचं — खंडेनवमीला, प्रिंटरच्या पूजेला. मशीन कुठं कुणाला नावं ठेवणार आणि कुणाला काय सांगणार?

नवीन प्रिंटर आला त्या वर्षी तर कहरच केला त्यांनी. झाकण उघडलं, टोनरचा डबा बाहेर काढला, आत हात घातला आणि कागद ओढणाऱ्या रबरी रोलरलाच कुंकू लावलं. मी म्हटलं, "अहो, वर लावायचं!"

"वरचं नुसतं टोपाड हाय, वैनी. राबतंय ते ह्ये आतलं. बेंदराला आपण बैल पुजतो का गाडी?"

दुसऱ्या दिवशी निघेल त्या कागदावर मधोमध लाल फराटा. एक शेतकरी सातबारा घेऊन परत आला. म्हणाला, "पावणं, माझ्या जमिनीचं लगीन लावताय व्हय?" सगळं दुकान हसलं. वन्सं पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

मग अल्ताफला बोलावलं. आमचा मेकॅनिक, फार गुणी पोरगा. त्यानं रोलर काढून पुसून दाखवला आणि आम्हाला शिकवलंही. धागे सुटणार नाहीत असं कापड घ्यायचं, पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, रोलर फिरवत फिरवत पुसायचा. स्पिरिट लावायचं नाही, रबर वाळून जातं. शाई भाजणारा रोलर तापलेला असतो, तो गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही. "आणि मावशी, कुंकू लावायचंच असंल तर टेबलाला लावा," म्हणाला.

तेव्हापासनं दर अमावास्येला, सुतार-लोहार हत्यारं पुसतात तसं, वन्सं रोलर पुसायच्या. कागदाची बारीक पूड बसून रबर गुळगुळीत होतं, मग कागद घसरतो. त्याच्याशी बोलायच्यासुद्धा — "घसराय लागलास व्हय? थांब, तोंड पुसू दे." मी चेष्टा करायची, त्या हसायच्या. असे दिवस होते.

पल्लवीचं लग्न जमलं. सुपारी फुटायच्या दिवशी पाहुण्यांनी घर भरलेलं. सगळ्या बायकांनी पोरीला कुंकू लावलं. आणि पल्लवी उठली, करंडा घेतला आणि सरळ स्वयंपाकघरात आत्तीसमोर जाऊन बसली. मी मागोमाग गेले.

"आत्ती, लाव."

"खुळी का काय तू? जा भायेर, पावणं बसल्यात."

"मशीनला लावतीस की."

"मशीन कुणाच्या घरात नांदायला जाणार हाय?"

मी म्हटलं, "लावा वन्सं, मी आई आहे तिची, मी सांगते." त्यांनी हात पाठीमागं नेला. म्हणाल्या, "नको वैनी. उद्या पोरीच्या केसाला धक्का लागला तर जग ऱ्हाऊ दे, माझं मलाच वाटंल..."

शेवटी पल्लवी म्हणाली, "बरं, मला नको. देवापुढं ठेवायची पहिली पत्रिका आपल्याच मशीनवर काढायची. तिच्या कोपऱ्याला तरी लावशील?"

वन्संनी तिच्या गालावरनं हात फिरवला. "बघू," म्हणाल्या.

ते बघू तसंच राहिलं. पोटाचं दुखणं निघालं आणि पत्रिका छापायच्या आधीच त्या गेल्या. दवाखान्यातसुद्धा पल्लवीला विचारत होत्या, "रोलर पुसतीस न्हवं?"

कोण पुसतंय... घरात कुणाचं चित्तच नव्हतं. प्रिंटरमध्ये कागद अडकायला लागला. लग्न तर काढलेलं, पुढं ढकलायचं नाही असं वन्संनीच बजावलेलं. म्हणून अल्ताफला बोलावलं. भरदुपारची वेळ, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चाललेले. हे अशासाठी सांगते की अंधार नव्हता, एकांत नव्हता, काही नव्हतं.

अल्ताफनं जुना रोलर काढला. त्याच्यावर भेगा पडल्या होत्या. नवीन बसवला. बाकीचे सगळे पुसून घेतले, टोनर नवा घातला. कोरे कागद सोडून बघितले, लख्ख निघाले. मग पल्लवी म्हणाली, "दादा थांबा, तुमच्यासमोरच पत्रिका काढते." तिनं स्वतः टाईप केलेली. खाली निमंत्रकांत आत्तीचं नाव सगळ्यात आधी घातलेलं, नावामागं कैलासवासी लावलेलं. ते टाईप करताना किती रडली ते मला माहीत.

पत्रिका बाहेर आली. पल्लवीनं उचलली आणि तिथंच उभी राहिली.

"आई..."

वरच्या उजव्या कोपऱ्यात कुंकू होतं. फराटा नव्हे — बोट टेकवून उचलावं तसं, नीट. आणि अर्धं. एका बाजूनं तिरकं कापलेलं.

अल्ताफनं आधी कागद बघितला, मग आमची तोंडं. मग मशीन उघडली. पांढरं कापड घेऊन एकेक रोलर पुसला आणि कापड आमच्यापुढं धरलं. काळपट, बाकी काही नाही. "मावशी, ह्यात लाल रंगच न्हाई. काळा टोनर हाय नुसता. आन् रोलर मधी हाय, त्यो कोपऱ्याला लागंलच कसा?" तो खुर्चीत बसला, पाणी मागितलं. आणखी पत्रिका काढून बघितल्या. एकीवरही काही नाही.

मी म्हणत होते, पोरी, कागद जपून ठेव, तुझ्या बाबांना दाखवू. तोवर पल्लवीनं कोपऱ्यावर बोट टेकवलं होतं. लेसर प्रिंटरची शाई भाजलेली असते हो, बोटानं निघत नाही. हे निघालं. सगळं तिच्या बोटावर आलं. तिनं ते कपाळाला लावलं आणि डोळे मिटले.

संध्याकाळी देवापुढं पत्रिका ठेवताना मी कोपऱ्याला कुंकू लावायला गेले, तर माझा हात धरला तिनं. "राहू दे आई. लावलंय."

म्हणजे तुम्ही पुरावा मागाल तर माझ्याकडं काही नाही. पत्रिका आहे, तिचा कोपरा कोरा आहे. अल्ताफ आहे, पण तो विषय काढला की स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागतो. कुठनं आलं, कसं आलं... मला खरंच सांगता येत नाही.

पल्लवी नांदायला गेली, सुखात आहे. दुकान मी एकटीच बघते. अमावास्येला रोलर पुसते, स्पिरिट न लावता, कापड घट्ट पिळून. पुसून झालं की कापड दारात उजेडाला धरून बघते. काळपट असतं नुसतं. तरी पुढच्या अमावास्येला परत धरते.